नगाऱ्यामागचा मनुष्य

इतिहासाच्या ग्रंथांत लढाया असतात, तह असतात, सनावळ्या असतात. परंतु लढाईस निघण्यापूर्वीच्या पंधरवड्यांत काय घडलें हें त्यांत क्वचितच सांपडतें. पेशवाईंतील मोहिमांचीं वर्णनें वाचूं लागावें तर दसऱ्यास सीमोल्लंघन झालें, डेरे शहराबाहेर पडले, नगारा झाला, कूच झालें, एवढ्या चार वाक्यांवर आमची बोळवण होते. नालबंदानें किती घोडीं तपासलीं, उंटावरची नौबत कोणीं नव्यानें मढविली, पावसाळ्याच्या चार महिन्यांच्या स्वस्थतेनंतर ती वाजवितांना वाजविणाऱ्याच्या मनगटास कशी कळ लागली, हें लिहिण्याची गरज बखरकारास वाटली नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर आम्हां अध्यापकांसही ती फारशी वाटत नाहीं. सामान्य लोकांची समजूत याहून शहाणपणाची होती. प्रवासास निघणारा मनुष्य मुहूर्त साधावा म्हणून एखादी वस्तु आदल्या दिवशीं दुसऱ्याच्या घरीं नेऊन ठेवी, त्यास प्रस्थान ठेवणें म्हणत. मनुष्य अजून ओसरीवरच बसलेला असे, पण प्रवास सुरू झाला असें घरांतील सर्व मंडळी मानीत. प्रवास पाऊल उचलण्यापूर्वींच सुरू होतो, ही गोष्ट त्या चालींत मान्य केलेली आहे.

प्रस्तुत लेखांत अशाच एका प्रस्थानाचा, किंबहुना एकाच मनुष्याच्या दोन-तीन प्रस्थानांचा, विचार करावयाचा आहे. तो मनुष्य सेनापति नव्हे, प्रवासी पंडितही नव्हे. तो हेवी मेटल नांवाच्या संगीतांतला ढोलवाला आहे. हें वाचतांच आमच्या कांहीं वाचकांच्या कपाळीं आठ्या पडतील हें आम्ही जाणतों. हें संगीत ऐकण्याचा योग बहुतेक सभ्य गृहस्थांस शेजारच्या मुलाच्या कृपेनेंच येतो, आणि भिंत पातळ असली म्हणजे तो वारंवार येतो. आमच्या एका वृद्ध सहकाऱ्यांनीं तर या विषयावर लिहिणार असें ऐकून, ‘आतां गिरणीच्या भोंग्याचाही इतिहास लिहा,’ असा आशीर्वाद दिला. त्यांस आमचें उत्तर एवढेंच कीं, गिरणीच्या भोंग्याचा इतिहास खरोखरच कोणीं लिहिला तर मुंबईच्या इतिहासांत मोलाची भर पडेल.

या संगीताचा जन्म कारखान्यांच्या गांवीं झाला. इंग्लंडांतील बर्मिंगहॅम येथील ब्लॅक सबाथ या मंडळीची पहिली ध्वनिमुद्रिका १३ फेब्रुवारी १९७० रोजीं प्रसिद्ध झाली, आणि बहुतेक अभ्यासक तेथूनच या संप्रदायाची गणना करितात. तिचे गिटारवादक टोनी आयोमी हे तरुणपणीं पत्र्याच्या कारखान्यांत कामास होते. तेथील यंत्राखालीं त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें गेलीं. त्यांनीं स्वतःच्या हातानें बोटांस टोपणें करून बसविलीं, तारा सैल केल्या, आणि त्या सैल तारांतून जो जड, खर्जांतला आवाज निघाला तो पुढें साऱ्या संप्रदायाची ओळख होऊन बसला. शरीराला झालेली इजा, आणि त्या इजेशीं तडजोड करून काढलेली वाट, ही गोष्ट या संगीताच्या मुळाशींच आहे. पुढील हकीकतींत ती पुन्हां पुन्हां भेटणार असल्यामुळें तिचा येथें आरंभींच उल्लेख केला.

ढोलवाल्याच्या आसनाचाही थोडा पूर्वेतिहास सांगणें अवश्य आहे. ज्यास आज ड्रमसेट म्हणतात तो एका देशाचा नव्हे. त्यांतील झांजा उस्मानी तुर्कांच्या मेहतेर नांवाच्या रणवाद्यांबरोबर युरोपांत शिरल्या. १६२३ सालीं कॉन्स्टँटिनोपल येथें अवेदिस नांवाच्या आर्मेनियन धातुकारानें झांजांचा कारखाना घातला. त्याच्या घराण्यास झिल्जियन हें नांव पडलें, त्याचा अर्थच झांजकऱ्याचे वंशज असा आहे. तें घराणें १९२९ सालीं अमेरिकेंत धंदा करूं लागलें आणि आजही झांजाच करीत आहे. लहान ढोल युरोपीय पलटणींचा. मोठा ढोल पूर्वीं वेगळा मनुष्य वाजवी, अथवा एकच मनुष्य दोन्ही ढोल हातांनींच कसेबसे सांभाळी. १९०९ सालीं अमेरिकेंतील विल्यम लडविग यांनीं मोठा ढोल पायानें वाजविण्याची झटपट चालणारी पट्टी, म्हणजे पेडल, तयार करून तिचें पेटंट घेतलें, आणि नाटकगृहांच्या मालकांस एका पगारांत दोन-तीन मनुष्यांचें काम मिळूं लागलें. काटकसरींतून निघालेली ही युक्ति आहे. तिच्या पोटीं जो नवा वादक जन्मास आला त्याचे दोन हात व दोन पाय चार वेगळ्या वाटांनीं चालतात. तबलजी किंवा पखवाजी याच्या बोटांत जी नजाकत असते ती या वादकांत शोधूं नये. पण आमच्या कोणत्याही तालवाद्याच्या वादकास पायांनीं ताल धरून हातांनीं त्याशीं तंटा करावा लागत नाहीं, हेंही लक्षांत ठेवावें.

आतां आमच्या चरित्रनायकाकडे वळूं. मायकेल हेन्री मॅकब्रेन हे ५ जून १९५२ रोजीं लंडनच्या हॅकनी भागांत जन्मले. निको हें त्यांचें जगप्रसिद्ध नांव लहानपणच्या एका खेळण्यांतल्या अस्वलावरून पडलें. डिसेंबर १९८२ मध्यें ते आयर्न मेडन या लंडनच्या मंडळींत आले. (मंडळीनें जें नांव घेतलें तें छळाचें यंत्र मध्ययुगांतलें म्हणून दाखविलें जातें, वस्तुतः ती अठराव्या शतकाच्या अखेरीस रचलेली कथा असून मध्ययुगांत तिचा पुरावा नाहीं. परंतु बँडवाल्यांकडून मूळ साधनांच्या चिकित्सेची अपेक्षा करणें योग्य नव्हे. कित्येक पाठ्यपुस्तकांतही ती आढळत नाहीं.) त्यांच्या आधीं त्या आसनावर क्लाइव्ह बर होते. १९८२ सालचा लांबलचक दौरा संपतांच बर गेले व मॅकब्रेन बसले. बर यांच्या जाण्याचीं कारणें निरनिराळ्या तोंडीं निरनिराळीं आहेत, त्यांत शिरण्याचें प्रयोजन नाहीं. पुढें बर यांस मज्जातंतूंचा असाध्य रोग जडला. जुन्या मंडळीनें मार्च २००२ मध्यें लंडनला त्यांच्या साहाय्यार्थ कार्यक्रम केले, त्या कार्यक्रमांत ढोल अर्थात् मॅकब्रेनच वाजवीत होते. बर १२ मार्च २०१३ रोजीं वारले.

१९८३ सालच्या ‘पीस ऑफ माइंड’ या ध्वनिमुद्रिकेचा आरंभच मॅकब्रेन यांच्या ढोलाच्या एका झपाट्यानें होतो. नवा मनुष्य आला आहे हें ऐकणाऱ्यास पहिल्या दोन क्षणांतच कळतें. त्यांचें वैशिष्ट्य त्यांच्या उजव्या पायांत आहे. या संप्रदायांतील बहुतेक ढोलवाले वेगासाठीं दोन्ही पायांखालीं पट्ट्या घेऊन मोठा ढोल दुहेरी वाजवितात. मॅकब्रेन जन्मभर एकाच पायानें, तोही पुष्कळदां अनवाणी, तें काम करीत आले. २००३ सालच्या ध्वनिमुद्रिकेंतील एका गीतापुरताच त्यांनीं तो नेम मोडला. याचा आणखी एक विशेष असा कीं, त्यांच्यापुढें ढोलांची व झांजांची एवढी भिंत उभी असते कीं प्रेक्षकांस वादक दिसतच नाहीं. झांजा हलतात, काड्यांचीं टोकें वर येतात, त्यावरून पलीकडे मनुष्य आहे असें अनुमान करावें लागतें. नैयायिकांचा धूर आणि अग्नि आम्हांस येथें आठवतात.

दौरा म्हणजे काय, हें १९८४ सालच्या एका उदाहरणावरून कळेल. ९ ऑगस्ट १९८४ रोजीं या मंडळीनें आपला मोठा दौरा वॉर्सा येथून सुरू केला. पोलंडांतला लष्करी कायदा उठून जेमतेम एक वर्ष झालें होतें, आणि पाश्चात्य मंडळीनें आपला सारा सरंजाम घेऊन त्या बाजूस जाणें ही त्या वेळीं नवलाची गोष्ट होती. पोलंडनंतर हंगेरी, युगोस्लाव्हिया, पश्चिम युरोप, अमेरिका, ब्राझील, जपान, ऑस्ट्रेलिया असें फिरत ५ जुलै १९८५ रोजीं कॅलिफोर्नियांत तो संपला. जवळजवळ अकरा महिने! आमच्या वारकऱ्यांची वाट यापेक्षां पायांस कठीण खरी, पण ती आषाढीला संपते.

अशा दौऱ्यापूर्वीं ढोलवाल्याचा दिवस कसा जातो? गाणाऱ्याचा घसा बसला तर तो एखादी ओळ श्रोत्यांकडून म्हणवून घेतो. गिटारवाल्याची तार तुटली तर दुसरा गिटारवाला वेळ मारून नेतो. ढोल थांबला तर मात्र सारेंच थांबतें. म्हणून त्याची तयारी शरीराची असते. रबराच्या गादीवर, अर्ध्या आवाजांत, उजवा-डावा-उजवा-उजवा असे बाळबोध धडे तो पुन्हां गिरवितो. चाळीस वर्षें वाजविलेला मनुष्यही हेच धडे गिरवितो, जसा जुना गवई पहाटे खर्ज भरतो. हातांस घट्टे पडलेले असावे लागतात. ते दौऱ्याच्या आधीं पडले नाहींत तर दौऱ्यांत फोड येतात. ढोलांचीं पानें बदलावयाचीं, ताणावयाचीं, पुन्हां सैल करावयाचीं. प्रत्येक खुंटाळ्याचा पाय सतरंजीवर नेमका कोठें टेकतो तेथें चिकटपट्टीच्या खुणा करावयाच्या. कारण अंधारांत हात गेला कीं झांज तेथेंच असली पाहिजे, मग तें गांव वॉर्सा असो कीं मुंबई. ती सतरंजी गुंडाळून पेटीबरोबर देशोदेशीं जाते. आमच्या मतें या संगीताच्या भावी इतिहासकारानें जपून ठेवावी अशी वस्तु कोणती असेल तर ती सतरंजी होय. गवयाच्या कपड्यांपेक्षां तींत अधिक माहिती सांठविलेली असते.

या श्रमाचें मोजमापही झालें आहे. इंग्लंडांतील कांहीं शास्त्रज्ञांनीं ब्लाँडी या मंडळीचे ढोलवादक क्लेम बर्क यांस यंत्रें लावून पाहिलें. कार्यक्रमांत त्यांच्या हृदयाचे ठोके मिनिटास सरासरी १४० ते १५० पडत आणि भरांत १९० पर्यंत चढत. धंदेवाईक फुटबॉल खेळाडूंशीं या श्रमाची तुलना करण्यांत आली. फुटबॉलचा खेळाडू पस्तिशींत निवृत्त होतो, हें मात्र त्या तुलनेंत सांगावयाचें राहिलें.

मुंबईचा आणि या विषयाचा संबंध येथें येतो. १९८६ पासून धोबीतलावावरील रंगभवनांत ‘इंडिपेंडन्स रॉक’ या नांवाचा उत्सव होऊं लागला व मुंबईची एक पिढी तेथें या संगीतावर वाढली. पुढें २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनीं रुग्णालयें, शाळा व न्यायालयें यांच्या भोंवतीं शंभर मीटरांचें शांतता-क्षेत्र ठरविलें आणि कालांतरानें रंगभवनाचा आवाज बंद झाला. नियम योग्यच आहे. रुग्णांस झोंप हवी, हें आमच्या त्या वृद्ध सहकाऱ्यांप्रमाणें आम्हांसही मान्य आहे. पण त्या जागेवरून जातांना अजून चुकल्यासारखें होतें. आयर्न मेडन १७ मार्च २००७ रोजीं प्रथम बंगळूर येथें येऊन गेली होती. १ फेब्रुवारी २००८ रोजीं ती मुंबईस आली, आणि या खेपेस मुंबई हा दौऱ्यांतला मधला मुक्काम नव्हता. साऱ्या जगाच्या दौऱ्याचा पहिला कार्यक्रमच वांद्रें-कुर्ला संकुलाच्या मैदानावर व्हावयाचा होता.

त्या दौऱ्याची सिद्धता कोणत्याही इतिहासाच्या अभ्यासकानें अभ्यासावी अशी आहे. पूर्वीं मंडळीनें विमानानें जावें आणि सामान जहाजानें किंवा मालवाहू विमानानें मागून यावें अशी रीति होती. त्यांत आठवडे जात, आणि दूरचे देश खर्चांत बसत नसत. या वेळीं त्यांनीं एक बोइंग ७५७ विमान भाड्यानें घेऊन त्याच्या आंतली कांहीं आसनें काढविलीं. मंडळी, मदतनीस आणि सुमारें बारा टन सरंजाम एकाच विमानांत, आणि तें विमान चालविणारा मंडळीचाच गायक ब्रूस डिकिन्सन! डिकिन्सन हे लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजांतून इतिहास हा विषय घेऊन पदवीधर झालेले आहेत, हें आम्ही वर्गांत मुद्दाम सांगतों. इतिहास शिकून पोट भरत नाहीं या तक्रारीस तें एक उत्तर आहे, जरी त्यांचें पोट इतिहासावर भरलें असें म्हणतां येणार नाहीं. लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळावरून हें विमान निघालें. मुंबईपासून टोरोंटोपर्यंत ४५ दिवसांत २३ कार्यक्रम व्हावयाचे होते, आणि त्यांतल्या प्रत्येकांत त्या भिंतीमागच्या मनुष्यास सुमारें दोन तास एका क्षणाचीही चूक परवडणार नव्हती. तेव्हां त्यांचें वय ५५ होतें.

त्या संध्याकाळीं आम्ही त्या मैदानावर, बऱ्याच मागें, उभे होतों. आमचा भाचा आम्हांस घेऊन गेला होता; त्यास एकट्यास पाठवावयास घरचीं माणसें तयार नव्हतीं, असें आम्हीं त्या वेळीं सर्वांस सांगितलें. काळे सदरे घातलेला जनसमुदाय चोहोंकडून लोटला होता. त्यांत ईशान्येकडून दोन रात्री आगगाडींत काढून आलेले तरुण होते, कोल्हापूर-सांगलीकडचे होते, पुण्याचे तर पुष्कळच होते. एकदम दिवे मालवले आणि ध्वनिक्षेपकांतून विन्स्टन चर्चिल यांचा आवाज आला. १९४० सालचें तें प्रसिद्ध भाषण. त्या आवाजास हजारो मराठी, गुजराती, खासी, तमिळ कंठांनीं आरोळी ठोकून साथ दिली. येथून कांहीं मैलांवर गवालिया तलावाचें मैदान आहे, आणि तेथें ८ ऑगस्ट १९४२ रोजीं काय ठरलें व त्या आवाजाच्या धन्यानें त्यावर काय केलें तें आम्ही दरवर्षीं शिकवितों. आमच्या मनांत तें येऊन गेलें, परंतु रागावण्यास अवकाश मिळाला नाहीं. भाषण संपतांच ढोल सुरू झाला. साम्राज्य गेलें, त्याच्या भाषणाची नांदी तेवढी उरली, आणि ती कोणाच्याही आनंदास चालते, असें म्हणून आम्हीं स्वतःची समजूत घातली.

त्या रात्रीं दोन गीतें अशीं झालीं कीं त्यांनीं इंग्रजी साहित्याच्या अभ्यासकाचे कान टवकारावे. एक ‘द ट्रूपर’. त्याचा विषय २५ ऑक्टोबर १८५४ ची बालाक्लाव्हाची घोडदौड, जी टेनिसनच्या कवितेमुळें अजरामर झाली. त्यांत गिटारी घोड्याच्या टापांच्या ठेक्यावर चालतात, एक लांब व दोन आंखूड, आणि ढोलवाल्यास त्या टापांस लगाम घालून ठेवावा लागतो. उत्साहाच्या भरांत घोडें उधळलें तर सवारच पडावयाचा. दुसरें, कोलरिजच्या वृद्ध खलाशाच्या काव्यावर रचलेलें ‘राइम ऑफ दि एन्शंट मरिनर’, तेरा मिनिटांहून लांब. त्याच्या मध्यभागीं वारा पडतो, जहाज थबकतें, ढोल जवळजवळ नाहींसा होतो. दोरखंडांच्या कुरकुरण्याखेरीज कांहीं ऐकूं येत नाहीं. आम्हीं तीं कडवीं कित्येक वर्षें शिकविलीं आहेत, परंतु निश्चळ समुद्राचें भय त्या मैदानावर, ढोल गप्प बसल्यामुळें, जसें अंगावर आलें तसें वर्गांत कधीं आलें नव्हतें. वाजविणें पुष्कळांस साधतें. एवढ्या आरोळ्यांत न वाजवितां थांबणें हें त्याहून अवघड आहे.

त्या दौऱ्यावर पुढें ‘फ्लाइट ६६६’ नांवाचा बोलपट निघाला. त्यांत मॅकब्रेन यांच्या हातावर कोस्टारिकांत गोल्फचा चेंडू बसतो व सर्वांच्या पोटांत गोळा उठतो असा एक प्रसंग आहे. बारा टन सरंजाम, विमान, देशोदेशींचीं मैदानें, आणि हें सर्व एका मनगटाच्या हाडावर अवलंबून! दौऱ्याच्या अर्थशास्त्रावर याहून चांगलें भाष्य आम्हीं पाहिलें नाहीं.

येथें थोडें मागें जाऊन दुसऱ्या एका मनुष्याची आठवण करणें प्राप्त आहे. शेफील्डच्या डेफ लेपर्ड या मंडळीचे ढोलवादक रिक ॲलन यांचा ३१ डिसेंबर १९८४ रोजीं मोटारीस अपघात होऊन डावा हात गेला. वय अवघें एकवीस. मंडळी थांबली, दुसरा मनुष्य घेतला नाहीं. ॲलन यांनीं विजेवर चालणारा ढोलांचा संच बनवून घेतला आणि डाव्या हाताचें काम डाव्या पायाखालच्या पट्ट्यांवर सोंपविलें. म्हणजे जुन्या सवयी मोडून अंगाच्या एका भागाची विद्या दुसऱ्या भागास शिकविली. १९८६ च्या ऑगस्टांत आयर्लंडांत लहान लहान कार्यक्रम करून पाहावयाचे ठरलें, व सोबतीस स्टेटस क्वो या मंडळीचे जेफ रिच यांस दुसरा ढोल देऊन बसविलें. एका ठिकाणीं रिच वेळेवर पोहोंचूं शकले नाहींत आणि ॲलन यांनीं एकट्यानें सुरुवात केली. त्यानंतर सोबत्याची गरज उरली नाहीं. १६ ऑगस्ट १९८६ रोजीं कॅसल डॉनिंग्टनच्या विशाल मेळ्यांत ते एकटे बसले. ही कथा सर्वश्रुत आहे आणि तिचें कौतुक करणें सोपें आहे, कारण तींत तरुण मनुष्य आहे, पडणें आहे आणि उठणें आहे. वार्धक्याची गोष्ट इतकी सरळ नसते.

जानेवारी २०२३ मध्यें मॅकब्रेन यांस पक्षाघाताचा झटका आला. उजवें अंग खांद्यापासून खालीं लुळें पडलें. झटका डॉक्टरांच्या भाषेंत लहान होता. परंतु उजवा हात म्हणजे झांजेवरचा हात, आणि ज्या माणसाची सारी कीर्ति एका उजव्या पायावर उभी आहे त्याच्या उजव्या अंगास कोणता झटका लहान म्हणावा? वय सत्तर. २८ मे रोजीं स्लोव्हेनियाच्या ल्युब्लियाना शहरीं नवा दौरा सुरू व्हावयाचा होता. आपला धंदा संपला अशी भीति वाटली, हें त्यांनीं स्वतःच पुढें सांगितलें. मग दहा आठवडे व्यायाम व उपचार. त्यानंतर तालमींचे दिवस आलेच. सुमारें सत्तर टक्के शक्ति परत आली असा त्यांचा अंदाज होता.

आणि तालमी तरी कशाच्या! त्या दौऱ्याकरितां मंडळीनें १९८६ सालच्या ‘सम्व्हेअर इन टाइम’ या ध्वनिमुद्रिकेंतील शिकंदरावरचें गीत निवडलें होतें. आठ मिनिटांहून लांबीचें, वळणावळणाचें हें गीत ३७ वर्षांत एकदांही लोकांपुढें वाजविलेलें नव्हतें. म्हणजे बोटांस त्याची जुनी संवय नव्हती. जें गीत हजार वेळां वाजविलें तें अर्धें बधिर अंगही आठवणीनें ओढून नेतें. येथें आठवणीचा आधारही नव्हता. गीत आमच्या इतिहासाशींही संबद्ध आहे, कारण त्याच्या अखेरीकडे शिकंदराचें थकलेलें सैन्य हिंदुस्थानांत पुढें येण्यास नाकारतें तो प्रसंग येतो. इ. स. पूर्वीं ३२६ सालीं बियास नदीच्या कांठीं तें सैन्य अडून बसलें. एरियन वगैरे इतिहासकार त्या प्रसंगीं कीनस नांवाच्या वृद्ध सरदाराच्या तोंडीं एक भाषण घालतात. आपल्यांतले किती जण आतां उरले आहेत तें पाहा, असा त्याचा रोख आहे. ल्युब्लियानाच्या तालमींत तें गीत उभें करीत असतां ढोलामागच्या मनुष्याच्या मनांत काय आलें असेल याची कल्पना करण्याचा अधिकार इतिहासकारास नाहीं. म्हणून आम्ही ती करीत नाहीं.

२८ मे २०२३ रोजीं दौरा ठरल्याप्रमाणें सुरू झाला आणि तें गीत प्रथमच लोकांपुढें वाजलें. आठ दिवसांनीं मॅकब्रेन ७१ वर्षांचे झाले. उजव्या हातास ज्या जलद जागा साधेनात त्या त्यांनीं बदलल्या, सोप्या केल्या. कानसेन श्रोत्यांच्या तें ध्यानांत आलें. कोणी म्हणाले वय झालें, कोणी म्हणाले आळस. पक्षाघाताची वार्ता त्यांनीं ऑगस्टच्या आरंभीं, युरोपांतील कार्यक्रम संपत आल्यावर, प्रसिद्ध केली. आधीं कां सांगितलें नाहीं? तिकिटें घेणाऱ्यांस तें कळण्याचा हक्क नव्हता काय, असा आक्षेप आमच्या एका विद्यार्थ्यानें घेतला, आणि तो अगदींच टाकाऊ नाहीं. पण आमचें मत निराळें आहे. आधीं सांगितलें असतें तर प्रत्येक रात्रीं हजारों लोक ढोल ऐकण्याऐवजीं उजव्या हाताकडे पाहात बसले असते, आणि चुकलेल्या ठोक्यासही दयेची टाळी पडली असती. कलावंतानें ती टाळी नाकारली. टीका सोसली, दया घेतली नाहीं. बदललेल्या जागांविषयीं म्हणावें तर, टोनी आयोमींनीं तारा सैल केल्या तेव्हां त्यासही कोणी तडजोडच म्हणालें असेल.

तो दौरा दीड वर्षाहून अधिक काळ चालला. ७ डिसेंबर २०२४ रोजीं ब्राझीलमधील साओ पावलो येथें त्याचा शेवटचा कार्यक्रम होता. त्याच दिवशीं मॅकब्रेन यांनीं दौऱ्यांतून निवृत्त होत असल्याचें जाहीर केलें, आणि रात्रीं जाऊन वाजविलें. मंडळींत आले त्यास बरोबर बेचाळीस वर्षें झालीं होतीं.

पुढचें प्रस्थान २७ मे २०२५ रोजीं बुडापेस्टहून झालें. भिंतीमागें सायमन डॉसन हे नवे वादक बसले होते. कार्यक्रमांत कोलरिजचा वृद्ध खलाशी पुन्हां घेतलेला होता, मध्यभागच्या निश्चळ समुद्रासह. आरंभाचें गीत मात्र एडगर ॲलन पोच्या कथेवरचें, १९८१ सालचें होतें. तें प्रथम ध्वनिमुद्रित झालें तेव्हां ढोलावर क्लाइव्ह बर होते.